चाळणीखालचा चुरा

पशुखाद्याच्या कारखान्यात येणारा प्रत्येक ट्रक आधी तिच्यापुढे उभा राहायचा आणि मगच आत जायचा. हातभर लांबीची पोकळ पितळी सळई ती पोत्यात खुपसायची, फिरवून बाहेर काढायची, मूठभर मका तळहातावर ओतायची आणि तळहात नाकाशी न्यायची. ओलावा मोजायचं यंत्र टेबलावर होतं, मक्याच्या पिठाच्या पाण्यात बुडवायच्या कागदी पट्ट्याही होत्या, पण यंत्राचा आकडा स्थिर व्हायच्या आत ती सांगून मोकळी व्हायची, "परत ने. खालच्या थराला बुरशी आहे." ड्रायव्हर हुज्जत घालायचे, मुलाबाळांच्या शपथा घ्यायचे. मग खालची पोती उपसली की हिरव्याकरड्या गुठळ्या बाहेर पडायच्या आणि ड्रायव्हर निमूट ट्रक वळवायचा.

तिला सगळे नाकमावशी म्हणत. एकदा तिनं एका ड्रायव्हरला विचारलं होतं, "मका ठीक आहे रे, पण सकाळी सकाळी तू काय ढोसून आलास ते तुझ्या मालकाला सांगू का?" तेव्हापासून ड्रायव्हर मंडळी तिच्याशी बोलताना चार पावलं लांब उभी राहत.

नवरा त्याच कारखान्यात दळणयंत्रावर होता. तो गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. कंपनीनं तिला झाडूवर घेतलं. झाडता झाडताच ती एकदा म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या थप्पीला वास येतोय," आणि म्हातारा नमुनेवाला हसला. थप्पी उघडल्यावर मात्र त्याचं हसू मावळलं. तो निवृत्त झाला तेव्हा सळई तिच्या हातात आली. त्यालाही आता एकवीस वर्षं झाली होती.

घरचं म्हणावं असं माणूस म्हणजे मुलगी आणि पाठचा भाऊ. भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला, स्वतःच्या लग्नात पाठवणीच्या वेळी तो पदर सोडेना म्हणून सोबत सासरी नेला. आता गावाबाहेर त्याच्या आठ गाई होत्या. मुलगी दिली होती एका घोडागाडीवाल्याच्या घरात. व्याही, त्याची बायको, जावई आणि दोन घोड्या, असं ते घर. घोड्यांना ते मोठी आणि धाकटी म्हणत. वीटभट्टीवरून बांधकामांवर विटा पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. गल्ल्या अरुंद, टेम्पो आत शिरत नाही, म्हणून घोडागाडीला अजून काम होतं. व्याही बोलायला थोडा, पण मान राखणारा. घरात कुठलंही नवं धान्य आलं की मूठभर सुनेकडे द्यायचा आणि म्हणायचा, "आईला दाखवून आण. त्या बऱ्या म्हणाल्या की मग डबा भरू."

त्या वर्षी ऐन काढणीत तीन आठवडे पाऊस लागून राहिला. कणसं ताटावरच भिजली. मग जे ट्रक यायला लागले त्यांतल्या मक्याचा वास तिला ओळखीचा नव्हता. नेहमीची बुरशी कुबट, नाकात टोचणारी. ही मंद होती, ओल्या गोणपाटासारखी, आणि मागून किंचित गोडसर. दाणा उजेडात धरला की टोकाला गुलाबी झाक दिसायची आणि वर पांढरी बारीक लव. तिनं पहिल्या दिवशी सात ट्रक परत पाठवले. दुपारी मॅनेजरनं बोलावलं.

"मावशी, सात परत गेले. आत किती आले?"

"एक."

"एका ट्रकवर दळण किती वेळ चालेल?"

मॅनेजरनं खणातून एक कागदी पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली. "तुमच्या परत पाठवलेल्या मालातलीच मूठ आणवून मी स्वतः तपासली. रेघ बघा. नीट आली आहे, म्हणजे विष नाही."

"ही पट्टी हिरव्या बुरशीच्या विषाची आहे, साहेब. ही बुरशी गुलाबी आहे."

"गुलाबीची पट्टी आहे आपल्याकडे?"

"नाही."

"मग आपल्यापुरतं ते विष नाही," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. हा माणूस कधी ओरडायचा नाही. त्यामुळे त्याच्याशी भांडायला धड जागाच सापडायची नाही. "हे बघा, आपण माल चाळू. फुटका दाणा, धूळ, लव, सगळं चाळणीखाली जाईल. वर राहील तो दाणा चांगल्यात एकास चार मिसळू. गाय काही नाक लावून खात नाही. तुम्ही फक्त माल पास झाल्याच्या चिठ्ठीवर सही करा. नाही केलीत तर कोणीतरी करेलच. पण मग त्या कोणीतरीला ही खुर्ची द्यावी लागेल, एवढंच."

निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. तिनं सही केली. पहिल्या चिठ्ठीवर हात थांबला, दुसऱ्या दिवशीही थांबला. चौथ्या दिवशी पेन कुठे ठेवलं म्हणून ती स्वतःच शोधत होती.

चाळणीखाली जे पडत होतं त्याचा मागच्या शेडमध्ये ढीग वाढू लागला. फुटक्या मक्याचा बारीक चुरा, मऊ, पिठूळ, गुलाबीसर. मॅनेजरनं कामगारांना सांगितलं, ज्याला हवा त्यानं न्यावा. घरची जनावरं असणाऱ्यांनी उड्या टाकल्या. ती पुढच्या गेटवर ट्रकांच्या रांगेत असताना तिचा भाऊ मागच्या गेटनं टेम्पो घेऊन आला आणि बारा पोती भरून गेला. गेटवाल्यानं हसत तिला संध्याकाळी सांगितलं, "तुमचे बंधू आज आमच्याकडेही न बघता गेले. पोती बघून भुलले."

दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी ती भावाकडे गेली. गोठ्यात आठही गाई रांगेत उभ्या होत्या, भाऊ चरवी घेऊन फिरत होता. पोती भिंतीशी रचलेली होती, कारखान्याच्या लाल दोऱ्यानं शिवलेली, अजून न उसवलेली.

"हे गाईंना घालू नकोस," ती म्हणाली.

"का? काय आहे त्यात?"

"सांगितलं ना. बुरशीचा माल आहे. चांगलं होतं ते वर राहिलं, घाण सगळी यात उतरली आहे. खड्डा खण आणि पुरून टाक."

भाऊ पोत्यांकडे बघत राहिला. "बाकीचे घेऊन गेले त्यांना सांगितलंस?"

वीस-बावीस घरी तो चुरा गेला होता. त्यांना सांगायचं म्हणजे आपल्याच सहीविरुद्ध बोलायचं. "तू माझा भाऊ आहेस म्हणून तुला सांगते," ती म्हणाली. "आणि हे कुठे बोलू नकोस."

"नाही बोलत, ताई. तू म्हणतेस म्हणजे संपलं. टाकून देतो."

तिनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती कामाला गेली. दिवसभर तिला बरं वाटलं. निदान आपल्या माणसाला तरी वाचवलं, असं तिला वाटत राहिलं.

तीन आठवडे झाले. एका दुपारी मुलीचा फोन आला. "आई, सुट्टी घेऊन येतेस का? मोठीला काहीतरी झालंय. बाबा तुलाच बोलवायला सांगतायत." सासऱ्यांना ती बाबाच म्हणायची.

मोठी घोडी तबेल्यात कपाळ भिंतीला टेकवून उभी होती. टेकवून म्हणजे दाबून. मागचे पाय मातीत रुतले होते आणि ती सगळ्या अंगाचा भार डोक्यावर घेऊन भिंत ढकलत होती. कपाळाचं कातडं सोलून निघालं होतं, भिंतीवर रक्ताचा ओला डाग होता. जावयानं तिला मागे ओढलं की ती डावीकडे गोल फिरायची, खांबावर आपटायची, पुन्हा भिंत शोधायची आणि पुन्हा दाबत राहायची. डोळे उघडे होते, पण तिच्यासमोर हात हलवला तरी पापणी लवत नव्हती.

"सकाळी गाडीला जुंपायला गेलो तर ओठ लोंबलेला," व्याही म्हणाला. "म्हटलं दात दुखत असेल. दुपारपर्यंत आंधळी झाली." त्यानं घोडीच्या मानेवर हात ठेवला होता आणि तो काढायला तयार नव्हता. "चौदा वर्षं आहे माझ्याकडे. रस्ता ती मला दाखवते."

मग त्यानं सुनेला खूण केली. मुलीनं आतून एक ताटली आणली. त्यात मूठभर चुरा होता. बारीक, मऊ, गुलाबीसर.

"गेले तीन आठवडे दोघींना हा घालतोय," व्याही म्हणाला. "तुमच्या भावानं दिला. सात पोती. मोठ्या मनाचा माणूस, गाईंना पुरून उरलाय म्हणाला. मीही त्याच्या गोठ्याला विटांच्या चार खेपा टाकल्या, फुकट कशाला घ्यायचं. चांगलाच असणार, तुमच्या कारखान्यातला. तरी एकदा नाक लावा, विहीणबाई. मनातली शंका जाईल."

नाक लावायची गरज नव्हती. ताटली अजून मुलीच्या हातात होती तेव्हाच तिला तो वास आला होता. तरी तिनं ताटली घेतली, चिमूट उचलली, नाकाशी नेली. तेवढ्या वेळात तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. भावानं पोती पुरली नाहीत. खरं सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? मग सही येणार, मॅनेजर येणार, भाऊ येणार. आणि ताटली घेऊन समोर उभी असलेली मुलगी, तिला याच घरात जन्म काढायचा होता. मामानं दिलेला चुरा, आईनं पास केलेला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "घोडीला दुसरं काहीतरी झालं असेल."

व्याह्यानं सुस्कारा सोडला. त्याला खरंच हलकं वाटलेलं दिसत होतं.

"तरी बदलून बघा," ती घाईनं म्हणाली. "काही दिवस नुसतं गवत द्या धाकटीला."

"चांगला आहे म्हणता, मग बदलायचा कशाला? आता एकटीला दोघींचं ओढायचंय. दाणा तोडून कसं चालेल?"

तिला पुढे रेटता आलं नाही. संध्याकाळच्या आत मोठी आडवी पडली, पाय झाडत राहिली, आणि गेली. मुलगी तिच्या तोंडाशी बसून पाण्यानं ओला केलेला फडका तिच्या जिभेवर ठेवत होती. घोडी मेल्यावरही ती थोडा वेळ फडका भिजवत राहिली.

नाकमावशी तिथून सरळ भावाकडे गेली. गोठ्यात नव्या विटांची फरशी झाली होती. तिनं चप्पल काढली नाही, बसली नाही.

"तुला पुरायला सांगितलं होतं."

भावाला काय झालंय ते चटकन कळलं. तो आधी खाली बघत राहिला. मग म्हणाला, "पाच पुरली, ताई. खरंच. पण एवढा माल, सगळा मातीत घालवायला जीव होईना."

"म्हणून त्यांना दिलास? माझ्या पोरीच्या घरी?"

"तू म्हणालीस गाईंना घालू नको. घोड्यांचं कुठं बोललीस?"

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं गालावर हातसुद्धा नेला नाही. लहानपणी मार खाल्ल्यावर उभा राहायचा तसाच उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मार. पण मग जाऊन त्यांना सांगणार आहेस का, तेही सांग. म्हणजे मला काय म्हणायचं ते मी आत्ताच ठरवून ठेवतो. मी म्हणेन, ताई गेटवर असते, तिच्या सहीनं माल आत आला. मला अडाण्याला काय कळतं?"

तिनं ठरवलं, उद्या सकाळी व्याह्यांना जाऊन सांगायचं. सकाळी ट्रक लवकर आले. मग ठरवलं, सुट्टीच्या दिवशी. मधल्या दिवसांत तिनं मुलीला फोन केला आणि विचारलं, "धाकटी खाते का नीट?" मुलगी म्हणाली, "खाते. बाबा आता तिला मोठीचाही वाटा घालतायत." तिनं फोन हातात तसाच धरून ठेवला. पलीकडून मुलगी दोनदा म्हणाली, "आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. मग तिनं फोन ठेवला.

सुट्टीच्या आदल्या दिवशी धाकटी गाडीसकट रस्त्याच्या कडेच्या नाल्यात उतरली. तिला नाला दिसलाच नव्हता. गाडी उलटली, विटा तिच्या मागच्या पायांवर पडल्या. जावई उडी मारून वाचला. लोकांनी विटा काढल्या तरी घोडी उठायचा प्रयत्नच करीना. ती नाल्याच्या काठच्या मातीत डोकं घुसळत होती.

या वेळी जनावरांची डॉक्टरीण आली होती. तुटक बोलणारी, कामाला पक्की बाई. तिनं घोडीला शेवटचं इंजेक्शन दिलं आणि व्याह्याला विचारलं, "डोकं उघडून बघायला हरकत आहे? पहिलीलाही हेच झालं असेल तर कारण कळायला हवं." व्याह्यानं मान हलवली. नाकमावशी पोचली तेव्हा करवतीचं काम संपलं होतं. डॉक्टरीण हातमोज्यातल्या बोटानं दाखवत होती. मेंदूच्या आत जिथे पांढरा घट्ट भाग असायला हवा तिथे खळगा झाला होता, आणि त्यात पिवळट पाणी.

"मका खात होती?" डॉक्टरणीनं विचारलं. "चुरा? वाटलंच. गुलाबी बुरशीचं विष आहे हे. सगळं चुऱ्यात उतरतं. घोड्याचा मेंदू पाणी करून टाकतं."

"पण विहीणबाईंनी वास घेऊन बघितला होता," व्याही म्हणाला.

"वास बुरशीला असतो, विषाला नसतो. कोणाचंही नाक चुकू शकतं," डॉक्टरीण म्हणाली. तिनं नाकमावशीकडे बघितलंही नाही. हातमोजे काढता काढता ती सहज म्हणाली, "दुर्दैव बघा. हाच चुरा गाईंनी खाल्ला असता तर फार काही झालं नसतं. थोडं दूध कमी आलं असतं, आठवडाभर मलूल राहिल्या असत्या. गाय हे विष बरंचसं पचवते. घोडा अजिबात नाही."

नाकमावशी नाल्याच्या कठड्यावर बसली. बाकीच्या वीस-बावीस घरी चुरा गेला होता. तिथे कुणाचं काही मेल्याचं कानावर का आलं नाही, ते तिला आत्ता कळलं. त्यांच्याकडे गाई होत्या. तिनं भावाला सावध केलं नसतं, तर त्याच्या आठ गाईंनी ती बारा पोती खाऊन संपवली असती, आणि दोन्ही घोड्या आज गाडी ओढत असत्या.

डॉक्टरणीनं चुऱ्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला, त्यामागोमाग एक अधिकारी कारखान्यात आला. मॅनेजरनं त्याला चहा दिला, पट्ट्यांचे निकाल दाखवले, मावशीच्या सह्यांच्या चिठ्ठ्या दाखवल्या. चुरा कारखान्यानं खाद्य म्हणून विकला नव्हता, तो कचरा होता, लोक आपापल्या मर्जीनं घेऊन गेले, असं समजावलं. अधिकाऱ्यानं तिला आत बोलावलं. मॅनेजर शेजारीच बसून होता.

"माल घेताना तुम्हाला काही वेगळा वास आला होता?"

"नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. प्रकरण तिथेच मिटलं. पुढच्या आठवड्यात मॅनेजरनं गेटवरच्या तिच्या टेबलाशेजारी पंखा बसवून दिला. "उकाड्यात फार हाल होतात तुमचे," तो म्हणाला.

व्याह्याकडे दुसरं जनावर आलं नाही. तो स्वतः वीटभट्टीवर मोजणीला बसू लागला, जावई भट्टीत लागला. महिन्याभरानं कारखान्यातून घरी जाताना तिनं मुलीला पाहिलं. एका बांधकामाच्या फळीवरून ती वर चढत होती, डोक्यावर चुंबळ, त्यावर दहा विटा, त्या घसरू नयेत म्हणून एक हात वर. मुलीनं तिला पाहिलं नाही. ती फळीवरून वर गेली, विटा उतरवल्या, पदरानं मान पुसली आणि पुन्हा खाली आली. नाकमावशी तिथूनच वळली आणि व्याह्याच्या घरी गेली.

व्याही नुकताच येऊन हातपाय धुत होता. विहीण आत होती. त्यानं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं. सही, चुरा, भावाला सावध केलं ते, ताटलीतला वास, अधिकाऱ्याला दिलेलं उत्तर. मध्ये थांबली नाही, रडली नाही. व्याह्यानं पूर्ण ऐकून घेतलं. टॉवेल त्याच्या हातात तसाच राहिला होता.

"पहिली गेली तेव्हा तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंत तर धाकटी वाचली असती?"

"डॉक्टरीणबाईंना विचारलं मी नंतर. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. विष आधीच भिनलं असेल कदाचित."

"कदाचित," व्याही म्हणाला. "मी तिला मोठीचाही वाटा घालत होतो, विहीणबाई. माझ्या हातानं. चांगला आहे म्हणालात म्हणून ओंजळ भरभरून."

ती मान खाली घालून उभी होती. व्याह्याचा आवाज चढला नाही. त्यानं टॉवेल दोरीवर टाकला, नीट पसरला.

"सूनबाईला यातलं काही माहीत होतं का?"

"नाही. तिची शपथ, काही नाही."

"तुमच्या शपथेचं मी काय करू," तो म्हणाला. "तिलाच विचारतो. तिच्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही आता जा. पुन्हा येऊ नका. ती तुमच्याकडे येईल का नाही, ते ती ठरवेल."

मुलीला सासऱ्यानं त्याच दिवशी सगळं सांगितलं. तिला कोणी घराबाहेर काढलं नाही. काढलं असतं तर नाकमावशीला कदाचित सोपं गेलं असतं; मुलीला पोटाशी धरता आलं असतं, सासरच्यांना नावं ठेवता आली असती. सासरा पूर्वीसारखाच तिला सूनबाई म्हणत राहिला. नवरा मात्र जेवताना ताटातला घास आधी हुंगून तोंडात घालू लागला. ते तो मुद्दाम करत नव्हता, पण थांबतही नव्हता. पहिले काही दिवस मुलगी त्याच्याकडे बघत राहायची. मग तिनं बघणं सोडलं.

भाऊ मधूनमधून गेटवर यायचा. तिची गाठ पडली की लांबूनच हसायचा, कारण मागच्या गेटचा चुरा अजून चालू होता आणि त्याला तो हवा असायचा. डॉक्टरीणबाई गाईंबद्दल काय म्हणाली ते त्यालाही कळलं होतं. "पचतं म्हणे गाईंना," तो एकदा म्हणाला. "उगीच पाच पोती पुरली." अधिकारी येऊन गेल्यापासून मागच्या गेटला पास लागायचा आणि पासांचं पुस्तक तिच्याकडेच असायचं. तिनं त्यातला एक पास फाडून त्याच्या हातात दिला.

त्यानंतर एकदाच मुलगी तिच्याकडे आली, भर दुपारी, थंडीची पांघरुणं न्यायला. लग्नातली ट्रंक अजून आईकडेच होती. दोघींनी मिळून ट्रंक पलंगाखालून ओढली. मुलीनं दोन गोधड्या काढल्या, झटकल्या, घडी घातली. तिच्या तळहातांना विटांच्या लाल भेगा पडल्या होत्या. आईनं तेलाची बाटली पुढे केली, ती तिनं घेतली नाही.

"जेवून जा," आई म्हणाली. "गरम आहे सगळं."

"नको."

"दोन घास. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

मुलगी गोधड्या काखेत मारून दाराशी थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नेहमीच्याच आवाजात, आज भाजी काय आणू असं विचारावं तसं ती म्हणाली, "भूक आहे गं. पण तू चांगलं आहे म्हणालीस की मला आता खाववत नाही."

ती जिना उतरून गेली. आईनं खिडकीतून बघितलं. गोधड्यांचं ओझं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत मुलगी रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. मग आईनं ताट वाढून घेतलं आणि सगळं संपवलं, कारण दुपारच्या पाळीला तीन ट्रक यायचे होते. ती वेळेवर पोचली. तिन्ही चिठ्ठ्यांवर सही केली.